मामांच्या शेततळ्यात सालमन येणार नाही

परवा पहाटे सहाला माढ्याहून मामांचा फोन. "आरं, पावडर लागू पडली! रोहू सगळं वर आलंय." व्हिडिओ लावायला सांगितला. पाण्यावर शेकडो तोंडं, नुसती उघडझाप. मी ओरडलोच, "मामा, वासाला नाही आलेत, जीव गुदमरतोय त्यांचा! आधी मोटर लावा, पाणी वरून तळ्यातच सोडा." नशीब, थ्री फेज लाईट होती.

या पावडरीची जाहिरात गेले पंधरा दिवस सोलापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. म्हणे, सालमन मासा हजारो किलोमीटरवरून जन्मनदीच्या वासाने घरी येतो, सगळ्याच माशांचं तसं असतं, तेव्हा ही पावडर तळ्यात टाका, उजनीच्या कॅनॉलमधले मासे आपोआप येतील, धरणाची भिंतही त्यांना अडवत नाही.

सालमनचं खरं आहे, तेवढं कबूल करतो. आर्थर हॅस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात परतलेले सालमन धरून काहींच्या नाकात बोळे घातले आणि सगळे पुन्हा खाली नेऊन सोडले. मोकळ्या नाकाचे बहुतेक आपापल्या ओढ्यात गेले, बोळेवाले वाट चुकले. मात्र भर समुद्रातली दिशा बरीचशी पृथ्वीच्या चुंबकत्वावर कळते. वास कामी येतो तो नदीजवळ आल्यावर.

पण याच हॅस्लरचा पुढचा प्रयोग पावडरवाल्याने वाचलेला दिसत नाही. १९७० च्या दशकात त्यांनी सालमनची पिल्लं हौदात असतानाच काही आठवडे मॉर्फोलिन नावाच्या रसायनाच्या अगदी पुसट वासात ठेवली आणि मग मिशिगन सरोवरात सोडली. दीड वर्षाने एका ओढ्यात तेच रसायन ठिबकवलं. त्या पिल्लांपैकी जी पुन्हा सापडली, त्यातली ९० टक्क्यांहून जास्त त्याच ओढ्यात. ज्यांना लहानपणी तो वास दिलाच नव्हता, त्यांना त्या ओढ्याचं काही सोयरसुतक नव्हतं. आता सांगा, कॅनॉलमधल्या कटल्याला तुमच्या पुडीची ओळख कोणी करून दिली? मामांच्या रोहूंचं माहेर म्हणजे हॅचरीचा सिमेंटचा हौद. हिरालाल चौधरींनी १९५७ मध्ये इंजेक्शन देऊन या जातींची अंडी काढून दाखवली, त्यानंतर हळूहळू आपलं बहुतेक बीज हॅचरीतूनच यायला लागलं. जन्मगावी परतायचंच तर त्यांनी त्या हौदात जायला हवं!

'सगळेच मासे' म्हणाल तर अहिर हा सापासारखा लांब मासा उलटा: जन्म समुद्रात, वाढ नदीत. आपल्याकडचे चढणीचे मासे निघतात ते पहिल्या पावसाच्या गढूळ, वाहत्या पाण्यावर. आणि भिंतीचं विचारायचं तर बंगालात विचारा. १९७५ मध्ये फराक्का बंधारा झाला आणि पार अलाहाबादपर्यंत चढणारी हिलसा खालीच अडली.

वासाने मासे ओढता येतात, हेही सगळंच खोटं नाही. अमेरिकेत लॅम्प्रे नावाचा उपद्रवी जीव पकडायला त्याच्याच नराचा गंध सापळ्यात वापरून पाहिलाय. पण तो एकाच जातीचा, नेमका ओळखून काढलेला रेणू आहे. मामांच्या पुडीला कुजक्या पेंडीचा वास येत होता. असलं काही साचल्या पाण्यात ओतलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. रात्री शेवाळही ऑक्सिजन सोडत नाही, उलट खातंच. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडं वासतात, आणि पुडीवाला म्हणतो, बघा, आले!

मोटर दुपारी बारापर्यंत चालू होती. अकरा रोहू गेले. उरलेल्या दोन पुड्या मामांनी लिंबाच्या आळ्यात रिकाम्या केल्या.