दाराचे कॉन्टॅक्ट बल्बासारखे जोडू नका

घरातला बर्गलर अलार्म स्वतः कसा जोडायचा, याचा एक लांबलचक मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, तिघांनीही ‘बघा, किती सोपं आहे’ असं वर लिहून. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दारांना कॉन्टॅक्ट लावणं म्हणजे पैसे वाया, हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून एक मोशन सेन्सर लावला की झालं. कॉन्टॅक्ट लावायचेच असतील तर बल्बासारखे समांतर जोडा. पॅनेलसोबत, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीसोबत, येणारे बारके रेझिस्टर (विजेला ठरावीक रोध करणारे तुकडे) पॅनेलच्याच टर्मिनलला लावून टाका. वायर लाइटच्या पाइपातून ओढा. लाइट गेली की हे सगळं बंदच पडतं, त्यापेक्षा स्वस्तातलं वायरलेस बरं. आणि खोटा अलार्म वाजणारच, त्याची सवय करून घ्या.

मी हीच कामं करून पोट भरतो, त्यामुळे माझं म्हणणं जरा पारखूनच घ्या. पण खालचं बहुतेक सगळं साधा मल्टिमीटर घेऊन घरीच तपासता येईल.

सुरुवात समांतर जोडणीपासून करतो, कारण त्या एका ओळीनं अख्खी यंत्रणा मुकी होते. दाराचा कॉन्टॅक्ट म्हणजे काचेच्या नळीत बंद केलेल्या दोन लोखंडी पट्ट्या आणि दारावर बसवलेलं चुंबक. दार लागलेलं असताना चुंबक जवळ असतं, पट्ट्या चिकटलेल्या असतात आणि सर्किट पूर्ण असतं. दार उघडलं की ते तुटतं, आणि पॅनेल नेमकं हे तुटणंच ऐकत असतं. आता पुढचं आणि मागचं दार समांतर जोडा आणि फक्त मागचं उघडा. पुढच्या दाराच्या पट्ट्या अजून चिकटलेल्याच आहेत, सर्किट पूर्णच आहे. पॅनेलवर हिरवा दिवा. अलार्म वाजायला चोरानं दोन्ही दारं एकदम उघडायला हवीत! वायरमनचा हात सवयीनं समांतरकडे जातो, कारण घरातले दिवे-पंखे तसेच जोडलेले असतात. इथं मात्र एका झोनमधले, म्हणजे पॅनेलच्या एका लाइनवरचे, कॉन्टॅक्ट एकापाठोपाठ एक, साखळीसारखे जोडायचे. मग कुठलीही एक कडी सुटली तरी कळतं. वायर मध्येच कापली तरी कळतं.

पण वायर कापली न जाता दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर? फॉल्स सीलिंगच्या वर उंदीर काय काय करतात ते एकदा बॅटरी मारून बघा. इन्सुलेशन कुरतडलं आणि तांब्याला तांबं टेकलं की त्यापुढची दारं उघडी असोत की बंद, पॅनेलला सर्किट पूर्णच दिसतं. रेझिस्टर त्यासाठी असतो, आणि म्हणूनच तो लाइनच्या शेवटी, सेन्सरच्या पेटीत बसवायचा. समजा तो ५.६ किलोओहमचा आहे. पॅनेलला लाइनवर तेवढाच रोध दिसला तर सगळं ठीक. अनंत दिसला तर दार उघडलंय किंवा वायर तुटलीय. शून्य दिसला तर तारा चिकटल्यात. हाच रेझिस्टर पॅनेलमध्ये लावला, तर बाहेर तारा चिकटल्यावरही पॅनेल आपल्या पोटातले ५.६ किलोओहमच मोजत समाधानात बसतं. मेसेजवाल्याला हे ठाऊक नसावं असं वाटत नाही. शेवटपर्यंत जाऊन सोल्डर करायचा कंटाळा आला असणार.

पॅनेलमध्ये सोय असेल तर एका सेन्सरला दोन रेझिस्टर लावा. एक लाइनसोबत साखळीत, दुसरा कॉन्टॅक्टच्या दोन टोकांवर आडवा. दार बंद असताना ५.६, उघडल्यावर ११.२, वायर तुटली तर अनंत, चिकटली तर शून्य. चार अवस्था, चार वेगळे आकडे. मोशन सेन्सरचं झाकण कुणी उघडलं तर तेही याच दोन तारांवर कळतं, फक्त त्याचा टॅम्पर स्विच (झाकण उघडलं की सुटणारा बारका स्विच) त्याच साखळीत घ्यायचा. तो वेगळ्या झोनवर न्यायचा असेल तर सहा कोअरची वायर लागते: दोन १२ व्होल्टच्या, दोन अलार्मच्या, दोन टॅम्परच्या.

आता ‘हॉलमध्ये एक मोशन सेन्सर पुरे’. एकच सेन्सर परवडत असेल तर तो सगळ्या खोल्यांना जोडणाऱ्या पॅसेजमध्ये असावा, इतपत मी सहमत. पण रात्री तुम्ही घरात असता, तेव्हा तो चालू ठेवता येत नाही. पाणी प्यायला उठाल आणि सायरन वाजवाल. दारा-खिडक्यांचे कॉन्टॅक्ट मात्र तुम्ही आत झोपलेले असतानाही पहारा देतात.

दुसरं कारण आपल्या उन्हाळ्याचं. हा सेन्सर अंगातून निघणारी उष्णता बघतो, म्हणजे खरं तर अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक बघतो. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात घर बंद करून लोक गावी जातात. आतली भिंत तापून त्वचेच्या तापमानाला पोचते आणि माणूस सेन्सरला जवळजवळ दिसेनासा होतो. चांगल्या सेन्सरमध्ये यावर तोडगा असतो, तरी पल्ला कमी होतोच. चुंबकाला उन्हाचं सोयरसुतक नाही. त्याला त्रास पावसाळ्याचा: लाकडी दार फुगतं, बिजागरीवर लोंबतं आणि फट वाढते. सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर लोखंड चुंबकाचं बळ खातं. तिथं खाली प्लास्टिकची जाड पट्टी द्या किंवा लोखंडी दाराचा मोठा कॉन्टॅक्टच घ्या.

खिडकीकडे तोंड करून लावणं तर व्यर्थच. अंगातली उष्णता साधारण ९-१० मायक्रॉनच्या लहरींनी बाहेर पडते आणि खिडकीच्या साध्या काचेतून त्या जात नाहीत. बाहेरचा चोर दिसणार नाही, दुपारचं ऊन मात्र दिसेल. सेन्सर दोन-सव्वादोन मीटर उंचीवर, कोपऱ्यात, असा लावा की येणारा त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ अंगावर चालत येणारा त्याला उशिरा कळतो.

लाइटच्या पाइपातून वायर: नाही. लाइटच्या तारेचं इन्सुलेशन एखाद्या वळणावर खरचटलं, की १२ व्होल्टच्या पॅनेलमध्ये २३० व्होल्ट येतील.

लाइट गेल्यावर बंद पडतं म्हणे. पॅनेलच्या पेटीत १२ व्होल्ट, ७ ॲम्पियर-तासांची बॅटरी कशाला असते मग? पॅनेल आणि कीपॅड १५० मिलिॲम्पियर घेत असतील आणि चार मोशन सेन्सर प्रत्येकी १५, तर एकूण २१०. भागाकार केला तर ३३ तास येतात, जुनी बॅटरी धरली तरी दिवसभर निघतो. उलट अगदी स्वस्त वायरलेस सेन्सरचा सेल संपला तर तो पॅनेलला काहीच कळवत नाही, आणि त्याची गैरहजेरी पॅनेल मोजतही नाही. महागड्या वायरलेसमध्ये हजेरी घेतली जाते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये, भिंत फोडायची सोय नसताना, मी स्वतः तेच सुचवतो.

राहिली खोट्या अलार्मची सवय. सवय झाली की शेजारी खरा सायरनही ऐकत नाहीत. एका घरी रात्री दोन-अडीचला आठवडाभर अलार्म वाजत होता. घरच्यांनी आधी मांजरावर, मग पॅनेलवर संशय घेतला. मी झाकण उघडलं तर वायरच्या भोकातून मुंग्या आत शिरलेल्या, आणि त्यांच्या मागावर एक पाल रोज रात्री बरोबर लेन्ससमोरून जायची. भोक सिलिकॉननं बुजवलं. पाल हल्ली ट्यूबलाइटच्या मागे असते.