काना गावच्या लग्नात सरबत नव्हतं

लग्नसराई आली की आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास उगवतो. यंदा तो तिघांनी टाकला आणि खाली नेहमीचे हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: बायबलमध्ये जिथे द्राक्षारसाबद्दल चांगलं म्हटलंय तिथे तो ताजा, न आंबलेला रस, जिथे वाईट म्हटलंय तिथे दारू. येशूने काना गावच्या लग्नात पाण्याचा केला तो रसच. वल्हांडण या यहुद्यांच्या सणात खमीर चालत नाही, म्हणून त्या सणातल्या येशूच्या शेवटच्या भोजनाच्या प्याल्यात आंबलेलं काही असणंच शक्य नाही. आणि वधस्तंभावरही त्याने दारू नाकारली. आमेन.

आधीच सांगते, मी पीत नाही. आईचे वडील मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथात होते. तिथे सैनिक होताना दारूला हात न लावण्याच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते, आणि ती सही आमच्या घरात अजून चालते. तेव्हा हे कुणा पिणाऱ्याचं वकीलपत्र समजू नये.

निम्मा घोळ आपल्या मराठीचा आहे. उसाचा रस, आंब्याचा रस, तसा द्राक्षारस! कानाला तो रसवंतीगृहातलाच वाटतो. आयुर्वेदाच्या दुकानात द्राक्षासव मागताना आपल्याला बरोबर कळतं की हे आंबवलेलं आहे, पण मराठी बायबलने शब्द घेतला तो द्राक्षारस, आणि तोच सगळीकडे वापरला. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडतो. नीतिसूत्रांच्या विसाव्यात द्राक्षारस माणसाची चेष्टा करतो. स्तोत्र १०४ मध्ये तो मनुष्याचं अंतःकरण आनंदित करतो. तिन्ही ठिकाणी हिब्रू शब्द एकच आहे, यायिन. फॉरवर्डचा नियम खरा मानला तर वचनाचा सूर पाहून रसाने आपलं रसायन बदलायचं. नव्या करारातही तेच. कानामधला ग्रीक शब्द ओइनोस, आणि इफिसकरांच्या पत्रात ‘द्राक्षारसाने मस्त होऊ नका’ म्हटलंय तिथेही ओइनोस. ताज्या रसाने कोण मस्त होतं?

एक गोष्ट मात्र मान्य. हिब्रूत तिरोश नावाचा आणखी एक शब्द आहे, आणि काही ठिकाणी तो कुंडातल्या ताज्या रसाला लावलेला दिसतो. फॉरवर्डवाले त्याच्यावर फार भिस्त ठेवतात. पण होशेयाच्या चौथ्या अध्यायात अक्कल हिरावून घेणाऱ्या गोष्टींची यादी आहे, तिथे यायिनच्या शेजारीच तिरोश बसलाय.

आता काना. सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावेल असे. आजच्या मापात सगळे मिळून साधारण पावणेपाचशे ते सातशे लिटर. इतकं सरबत झालं असतं तर भोजनकारभाऱ्याने नवऱ्या मुलाला बाजूला बोलावून जे म्हटलं त्याला काही अर्थच उरत नाही. तो म्हणतो, लोक आधी चांगला वाढतात आणि पाहुणे भरपूर प्याले की मग हलका काढतात. तू चांगला शेवटपर्यंत राखलास. जीभ बधिर झाल्याशिवाय हलका माल खपत नाही, हे लग्नात वाढप केलेल्या कुणालाही कळेल. मूळ ग्रीकमध्ये ‘भरपूर प्याले’साठी जे क्रियापद आहे ते नशा चढण्याचंच आहे. त्या मांडवातले पाहुणे झिंगले होते असं यावरून सिद्ध होत नाही, कारभारी जनरीत सांगतोय. पण जनरीत सरबताची नाही.

आणि ग्रीसमधल्या करिंथ शहरातली मंडळी? प्रेषित पौल त्यांना पत्रात झापतो की प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतल्या विधीला, जमता तेव्हा एक उपाशी राहतो आणि दुसरा मस्त होतो. या वचनाबद्दल फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

‘ताजा रस’ ही कल्पनाच मुळात फ्रिज असलेल्या घरातली आहे. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला काळ्या द्राक्षांचा रस असतो, महिला मंडळ पाळीपाळीने करतं. एका एप्रिलमध्ये माझी पाळी होती. द्राक्षं कुस्करली, गाळली, उकळायचं तेवढं राहिलं, कारण दारात पाहुणे आले. बाटली ओट्याखाली गेली ती तिसऱ्या दिवशी रात्री आठवली, तीही झाकण उडून भिंतीवर जांभळा फवारा बसला तेव्हा. यीस्ट द्राक्षाच्या सालीवरच असतं, कुणी घालावं लागत नाही. पॅलेस्टाईनमध्ये द्राक्षं उतरतात उन्हाळ्याच्या अखेरीस, वल्हांडण येतो मार्च-एप्रिलमध्ये. मधले सहा-सात महिने रस ताजा कसा राहणार? आटवून पाक करायची रीत रोमनांना ठाऊक होती, पण तो पाक झाला. आणि नवा द्राक्षारस जुन्या, चामड्याच्या बुधल्यात घालू नका, बुधले फुटतील, हा दाखला येशूने दिला तो रस फसफसतो म्हणूनच.

न आंबणारा रस बाटलीत भरायचं तंत्र आलं १८६९ मध्ये. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी थॉमस वेल्च नावाचे दंतवैद्य होते, मेथडिस्ट पंथाचे आणि दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. लुई पाश्चरची रीत द्राक्षाच्या रसाला लावून त्यांनी तो प्रभुभोजनासाठी तयार केला. आमच्या चर्चमधल्या छोट्या पेल्यांची वंशावळ वेल्चपर्यंत जाते, शेवटचं भोजन झालं त्या वरच्या माडीपर्यंत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खमिराचा मुद्दा वरवर चांगला दिसतो. पण वल्हांडणातली बंदी धान्याच्या खमिराला आहे. मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या नियमग्रंथामध्ये वल्हांडणाच्या रात्री गरिबालाही द्राक्षमद्याचे चार प्याले मिळालेच पाहिजेत असं सांगितलंय. खमीर कशात मोजायचं हे त्यांच्यापेक्षा आपल्या ग्रुप अॅडमिनला जास्त कळतं असं मला वाटत नाही.

वधस्तंभाचं तर अर्धंच वाचलंय. पित्त मिसळलेला द्राक्षारस येशूने चाखून नाकारला, खरं. पण योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्पंजावरून दिलेली आंब त्याने घेतली आणि मग ‘पूर्ण झाले आहे’ म्हणाला. आंब म्हणजे आंबट झालेला द्राक्षारसच.

वसई-गोव्याच्या कॅथलिक भावंडांना हा सगळा वाद गमतीचा वाटतो. त्यांच्या चर्चच्या कायद्यात, कलम ९२४ मध्ये, मिस्साला, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, द्राक्षाचं अस्सल, न बिघडलेलं मद्य लागतं असं स्पष्ट आहे. तरी ज्या फादरना मद्य झेपत नाही त्यांना परवानगीने मुस्तुम, म्हणजे आंबायला लागताच थांबवलेला रस, वापरता येतो. व्यसन काय असतं हे त्यांनाही ठाऊक आहे.

उलट बाजूचेही कमी नाहीत. पार्टीत ग्लास भरताना ‘पोटासाठी थोडा द्राक्षारस घे’ हे पौलाच्या पत्रात त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेलं वाक्य ज्यांना तोंडपाठ असतं, त्यांना त्या पत्रातलं दुसरं एक वाक्य विचारून पाहा. तेव्हाचा द्राक्षारस बहुधा पाणी घालून पीत. व्हिस्की, फेणी, देशी यांना भट्टी लागते. तीमथ्याच्या टेबलावर त्या नव्हत्या.

न पिण्याला आधार हवा तर रोमकरांच्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे: भावाला ठेच लागत असेल तर द्राक्षारस न पिणं चांगलं. ज्या घरात पगाराच्या दिवशी बाप कुठे आहे हे पोरांना सांगावं लागत नाही, त्या घराला ग्रीक शिकायची गरज नाही. पण मंडळीतली कॉलेजची मुलं मोबाईलवर ओइनोस दोन मिनिटांत शोधतात, आणि रसाची गोष्ट खोटी निघाली की रोमकरांचा चौदावाही त्याच टोपलीत जातो.

यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात रेखाबाच्या घराण्याची हकिगत आहे. संदेष्ट्याने त्यांना मंदिराच्या खोलीत नेलं, भरलेले घडे आणि प्याले पुढे ठेवले आणि म्हणाला, प्या. ते म्हणाले, आम्ही पीत नाही. आमच्या पूर्वजाने, योनादाबने, आम्हाला तसं सांगून ठेवलंय. देवाने त्यांची वाखाणणी केली. घड्यात काय आहे यावर त्यांनी वाद घातला नाही.