सेफ्टी लावलेली बंदूकही भरलेलीच असते

‘परवानाधारक बांधवांनो, पावसाळ्याआधी हे वाचाच’ असा एक मेसेज गेले काही दिवस कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गावांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. फिरत फिरत तो आमच्या घरातल्याच एका वडीलधाऱ्यांकडे पोचला आणि त्यांनी ‘किती उपयोगाचं लिहिलंय बघ’ म्हणून मला धाडला. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची दुनळी आहे आणि घरात सात वर्षांचा नातू आहे. त्यामुळे ‘चुकीचं आहे, पुढे पाठवू नका’ एवढ्यावर मला थांबता येत नाही.

मेसेजमध्ये पाच मुद्दे आहेत. बंदूक कायम भरून, सेफ्टी लावून उशाशी किंवा दाराआड ठेवा, कारण कुलपातली बंदूक वेळेला कामी येत नाही. मुलांना एकदा दम दिला की ती हात लावत नाहीत. गंज लागू नये म्हणून आतबाहेर भरपूर खोबरेल तेल सोडा. दमटलेली काडतुसं उन्हात किंवा चुलीच्या उबेला वाळवा, ती नव्यासारखी होतात. आणि रात्री घरात कोणी शिरलं तर बार काढायला कायद्याची मोकळीक आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

सेफ्टी म्हणजे नेमकं काय, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही. आपल्याकडच्या बहुतेक बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) दुनळ्यांत घोडे, म्हणजे काडतुसाला टोला देणारे भाग, आतल्या आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. बंदूक मोडली, म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली पाडल्या, की त्या हालचालीनेच आतले दोन्ही घोडे मागे ओढले जातात आणि स्प्रिंगवर ताणून बसतात. काडतुसं घालून नळ्या बंद केल्या की बंदूक पूर्ण चढलेली असते. त्या घोड्याला एका खाचेत अडकलेली पोलादी जीभ तेवढी धरून ठेवते. दस्त्याच्या मानेवरचा सेफ्टीचा खटका बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडवतो. घोडाही नाही, ती जीभही नाही. म्हणजे चाप कितीही अडकवलेला असला, तरी जीभ खाचेतून निसटली की घोडा पडतो आणि बार उडतो.

जीभ निसटते कशी? वर्षानुवर्षांच्या वापराने खाचेची धार बोथट होते. आत मळ आणि चिकटलेलं तेल साचलं की जीभ पूर्ण बसत नाही. आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आपटणं. दाराआड टेकवलेली बंदूक म्हणजे घसरायला ठेवलेली बंदूक. मांजर गेलं, कोणी दार जोरात लोटलं, झाडू लागला, की ती शहाबादी फरशीवर आडवी. महागड्या काही बंदुकांत घोडा निसटला तरी त्याला मध्येच पकडणारी दुसरी जीभ असते; वडिलोपार्जित साध्या दुनळीत ती असेलच या भरवशावर कोणी राहू नये. बाहेर घोडे दिसतात अशा जुन्या बंदुकांत तर पुष्कळदा सेफ्टीच नसते. त्यातल्या फार जुन्यांत पडलेला घोडा, काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या पिनेवरच टेकून राहतो. खाली काडतूस असेल तर घोड्यावर बसलेला एक टोला पुरतो.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायच्या बंदुकीबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि गावात त्या अजून आहेत. ती भरली की सहज रिकामी करता येत नाही, म्हणून लोक ती भरलेलीच खुंटीला लावतात. निदान नळीच्या मागच्या निपलवरची केप, म्हणजे दारूला ठिणगी देणारी छोटी टोपी, काढून वेगळी ठेवा. पण केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नव्हे, दारू आणि छर्रे नळीत आहेतच. राखणीहून परतताना ती सुरक्षित जागी, मागे मातीचा बांध असेल अशा ठिकाणी रिकामी करूनच घरी आणावी.

आता ‘कुलपातली बंदूक वेळेला कामी येत नाही’ हे. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. वाडी एका टोकाला, पोलीस ठाणं तासाभरावर, किल्ली नेमकी कुठे ठेवली ते आठवत नाही, ही अडचण खोटी नाही. पण तिच्यावर उपाय किल्लीचा आहे, बंदूक भरून ठेवण्याचा नाही. बंदूक एका पोलादी कपाटात, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेल्या. काडतुसं दुसऱ्या कुलपाच्या पेटीत. दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर, खिळ्यावर किंवा देव्हाऱ्यात नाहीत. नाहीतर आकड्यांचं कुलूप घ्या आणि आकडा जन्मसाल ठेवू नका. सराव असेल तर दोन कुलपं उघडून दोन काडतुसं भरायला मिनिटही लागत नाही. चापाला लावायचं कुलूप भरलेल्या बंदुकीवर कधीच लावू नये. ते बसवतानाच चाप दाबला जाऊ शकतो. मोडत्या बंदुकीला तारेचं कुलूप बरं. बंदूक मोडलेल्या अवस्थेत तार नळीतून ओवून घेतली की नळ्या बंदच होत नाहीत.

ठेवण्याआधी रिकामी करायची ती अशी. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या कड्याबाहेर. वरचा खटका उजवीकडे दाबून बंदूक मोडा, दोन्ही काडतुसं काढा. मग डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून काडतुसं बसतात त्या दोन्ही खोबणी चाचपा, कारण अंधारात काळ्या बुडाचं काडतूस दिसत नाही. नळीच्या मागच्या बाजूने उजेडाकडे धरून आरपार बघा. पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा. असे तीन तुकडे करून ठेवलेली दुनळी कोणीही उचलून चालवू शकत नाही, आणि लहान कपाटातही मावते.

दुसरा मुद्दा मुलांचा. इथे मी एकाच अभ्यासाचा आधार घेतो, तो पुरेसा आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये २००५ साली डेव्हिड ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. वीस वर्षांखालच्या मुलांच्या हाती बंदूक लागून घडलेल्या घटना त्यांनी घेतल्या: चुकून उडालेला बार, आणि मुलाने स्वतःच्या जिवाचं केलेलं बरंवाईट. त्या घटनांतल्या १०६ बंदुका आणि मुलं असलेल्या इतर घरांतल्या, तसं काही न घडलेल्या ४८० बंदुका, या कशा ठेवल्या होत्या याची तुलना केली. कुलपातल्या बंदुकीच्या बाबतीत अशा घटनेची शक्यता सुमारे ७३ टक्के कमी दिसली, रिकाम्या बंदुकीच्या बाबतीत ७० टक्के, काडतुसं कुलपात असतील तर ६१ टक्के आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळी ठेवली असतील तर ५५ टक्के. छोट्या हत्यारांना आणि लांब बंदुकांना दोन्हींना हे लागू पडलं. अभ्यास अमेरिकेतला आहे, कोकणातला नाही, असं कोणी म्हणेल. पण कुलूप न उघडणं आणि काडतूस न सापडणं यात देशाचा काय संबंध?

दम दिल्याने मूल बंदूक विसरत नाही. उलट आजोबा ती कुठे ठेवतात हे त्याला नेमकं कळतं. आणि धोका फक्त सात वर्षांच्या नातवाला नाही. बारावीच्या निकालाच्या रात्री, कर्जाच्या नोटिशीच्या दिवशी, घरातल्या मोठ्या माणसाच्याही मनात काहीबाही येऊ शकतं. त्या वेळी मध्ये दोन कुलपं असणं म्हणजे तेवढा वेळ मिळणं. अशा काळात परवानाधारकाने स्वतः होऊन बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे ठेवायला द्यावी. तशी सोय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यासाठी जे प्रशिक्षण लागतं, त्यात हत्यार सुरक्षित ठेवणं हा विषय आहेच. मेसेजमधला सल्ला त्या प्रशिक्षणाच्या थेट विरुद्ध जातो.

खोबरेल तेल. दुसरं काहीच हाताशी नसताना नळीवर बाहेरून पुसट हात फिरवला तर कोरड्या लोखंडापेक्षा बरं, एवढं मान्य. पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. आजऱ्याच्या, आंबोलीच्या थंडीत ते आतल्या पिनेवर आणि स्प्रिंगवर गोठलं की घोडा पडतो पण टोला कमजोर बसतो. बार उडत नाही, किंवा क्षणभर थांबून उडतो. उशिराने उडणारा बार सर्वांत वाईट, कारण तोवर माणसाने बंदूक फिरवलेली असते. चाप ओढूनही बार झाला नाही तर तोंड सुरक्षित दिशेलाच धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच मोडा. शिवाय खाण्याचं तेल खवट होतं, त्यात आम्ल तयार होतं आणि काडतुसाच्या पितळी बुडावर हिरवट थर चढतो. जुनी माणसं ‘रंगून तेल’ म्हणत ते खनिज तेल होतं, स्वयंपाकघरातलं नव्हे. रॉकेलने मळ सुटतो हे खरं, पण ते उडून गेलं की लोखंड उघडं पडतं. रॉकेलने पुसलं तर वरून बंदुकीचं तेल लावावंच लागतं.

‘भरपूर’ हा शब्दही चूक आहे. सळईला पितळी ब्रश लावून मागच्या बाजूने पुढे न्यायचा, मग स्वच्छ फडक्याचे तुकडे कोरडे निघेपर्यंत फिरवायचे, शेवटच्या तुकड्यावर दोन थेंब तेल. बिजागरीला मुगाएवढं ग्रीस. नळ्या तोंड खाली करून ठेवल्या तर जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. तेल पिऊन मऊ झालेला दस्ता मानेपाशी तडकतो. बार काढण्याआधी नळीतून कोरडं फडकं फिरवा आणि आरपार बघा. महिनोन् महिने पडून असलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते, आणि अडकलेल्या नळीत बार काढला की नळी फाटते. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आल्यावरही हेच करायचं. चामड्याच्या खोळीत पावसाळाभर ठेवू नका, चामडं दमट हवा धरून ठेवतं. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा, दर पंधरवड्याला बघा. ठासणीच्या नळीला मात्र आधी गरम साबणाचं पाणी लागतं, कारण काळ्या दारूच्या राखेतले क्षार तेलात विरघळत नाहीत. धुऊन पूर्ण कोरडी करून मग तेल.

कायद्याची मोकळीक: रात्रीच्या घरफोडीत स्वसंरक्षणाचा हक्क मोठा आहे, ते खरं. पण भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत तो गरजेपुरताच आहे. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी त्यात बसत नाही. आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे; डुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते.

राहिली काडतुसं. चुलीच्या उबेला काडतूस ठेवणं हा वेडेपणा आहे, दुसरा शब्द नाही. बुडातली टोपी आणि आतली दारू दोन्ही उष्णतेने बिघडतात, आणि निखाऱ्यापाशी काडतूस फुटू शकतं. वाळलं असं वाटलं तरी आतली ओल जात नाही. मग बार फुसका निघतो, आतला गठ्ठा नळीत अडकतो, आणि पुढच्या बाराला नळी फुटते. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर तिथेच थांबा, बंदूक रिकामी करून नळीतून आरपार बघा. जुन्या विलायती दुनळीवर चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीची, लांबी कोरलेली असते ती वाचून घ्या. ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ७० मिलिमीटरचं काडतूस सहज बसतं, पण बार उडताना त्याचं मिटलेलं तोंड उघडायला पुढे जागा उरत नाही आणि दाब वाढतो. वीस बोअरचं काडतूस बाराहून बारीक असतं, ते बाराच्या डब्यात कधीही मिसळू देऊ नका; ते पुढे सरकून नळीत अडकतं, मागे बाराचं काडतूस बसतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

फुगलेली, हिरवट बुडाची, टोपी गंजलेली काडतुसं बाजूला काढा. ती जाळू नका, पुरू नका, विहिरीत टाकू नका. परवाना बरोबर घेऊन दुकानदाराकडे द्या. तो घेत नसेल तर ठाण्यात लेखी अर्ज करून जमा करा, नग मोजून पोच घ्या आणि ती पोच परवान्यासोबत ठेवा.