प्राइडमध्ये नाचू देणारं शहर भाड्याने घर देतं का?

जून, म्हणजे गे-ट्रान्स लोकांच्या प्राइडचा महिना, आला की याद्या सुरू होतात. भारतातली सगळ्यात गे-फ्रेंडली शहरं. पहिला नंबर कधी मुंबई कधी बंगळुरू, मग दिल्ली, कोलकाता, आणि पुण्याला उत्तेजनार्थ. या याद्या करणाऱ्यांनी कॅफे मोजलेले असतात, पार्ट्या मोजलेल्या असतात, ब्रोकरला फोन मात्र केलेला नसतो. शहर कोणाला किती सामावून घेतं हे बघायचं असेल ना तर तिथे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करून दाखवा, मग बोलू.

मी मिरजेचा, गे, आडनावावरून कोणाला काही अडचण होत नाही असा. माझा पार्टनर सोलापूरचा, मुसलमान. आम्ही मुंबईत राहतो, त्यामुळे आधी मुंबईचंच सांगतो.

मुंबईचं श्रेय मुंबईला द्यायलाच पाहिजे. गे लोकांचं ‘बॉम्बे दोस्त’ मासिक इथे 1990 मध्ये निघालं, गे लोकांसाठी काम करणारा अशोक राव कवींचा हमसफर ट्रस्ट 1994 चा, आणि त्यांचं ऑफिस वाकोल्याला महापालिकेच्याच इमारतीत होतं, ते पण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पूर्ण जोरात असताना. आणि लोकलमध्ये कोण कोणाला खेटून उभाय हे बघायला कोणाला वेळ नसतो. घराची पण गंमतच आहे, लग्न न झालेल्या मुलामुलीला सोसायटीवाले मॅरेज सर्टिफिकेट मागतात, आम्हा दोघांना कोणीच काही मागत नाही, कारण त्यांच्या लेखी आम्ही रूममेट, दोन कमावते पोरगे, एकाला रात्रपाळी, संपला विषय. आता याला स्वीकार म्हणायचं का? त्यांना जे दिसलंच नाही ते त्यांनी स्वीकारलं कसं?

आणि मग येतं आधार कार्ड. फ्लॅट आवडलेला असतो, डिपॉझिट ठरलेलं असतं, मालक पण गोड बोलत असतो, आणि ब्रोकर म्हणतो दोघांचे आधार पाठवा. त्यानंतर अर्धा तास शांतता आणि मग “सर मालकाला काही नाही ओ, कमिटीचा प्रॉब्लेम आहे.” एकाने तर तोडगा पण काढला, अ‍ॅग्रीमेंट तुमच्या एकट्याच्या नावावर करू, ते आपले पाहुणे म्हणून येऊन जाऊन राहतील! म्हणजे बघा, 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदार बँकेत जॉइंट अकाउंट काढू शकतात, एकमेकांना नॉमिनी लावू शकतात. बँकेत जोडीदार आणि सोसायटीत पाहुणा. आमचं गे असणं सहज खपतं, पार्टनरचं नाव खपत नाही.

हे काही आजचं नाही. 92-93 च्या दंगलीनंतर शहरातली किती कुटुंबं मुंब्र्याला आणि मीरा रोडला गेली हे मुंबईत वाढलेल्या कोणालाही विचारा. 2005 मध्ये तर सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये सांगितलं की सोसायटी फक्त आपल्या समाजापुरती ठेवता येते. आणि 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना “महाराष्ट्रीयन चालत नाही” म्हणून जागा नाकारली तेव्हा आपण सगळे किती पेटलो होतो, मी पण पोस्ट टाकली होती आणि बरोबरच होतं ते, पण तेव्हा पेटलेल्यांपैकी काहीजण आपल्याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘तसल्यांना’ देऊ नका म्हणतात हे मला माहितीये. आमच्या गे लोकांचे फ्लॅट शोधायचे ग्रुप पण काही वेगळे नाहीत हां. वर इंद्रधनुष्य, क्वीअर-फ्रेंडली घर, सेफ स्पेस, आणि खाली ‘ओन्ली व्हेज’. कोणासाठी सेफ बाबा?

बंगळुरूत मी नोकरीला होतो, मोठी आयटी कंपनी, एचआरच्या मेलच्या खाली रंगीत पट्टी. मला तिथे खरंच छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच बंगळुरूचं 2008 आठवून बघा, जूनमध्ये पहिला मोठा प्राइड मार्च निघाला आणि ऑक्टोबरमध्ये पोलीस दासरहळ्ळीच्या घरमालकांना सांगत होते की हिजड्यांना घराबाहेर काढा. चारच महिन्यांत! कोचीचं पण तसंच, 2017 मध्ये मेट्रोने ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झालं, आणि काहींनी लगेच नोकरी सोडली कारण पगारात परवडेल असं घर त्यांना कोणी देईना. आणि 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात घर भाड्याने देताना भेदभाव नको असं कलम आलंय, आम्हाला तेवढं पण नाही.

कोलकात्याबद्दल फार बोलत नाही, राहिलो नाही तिथे. फक्त एवढंच की 1999 मध्ये देशातली पहिली प्राइड तिथे निघाली, जेमतेम 15 माणसं, त्यांना मनापासून सलाम.

पुण्याचं मात्र अवघड आहे माझ्यासाठी. शिकलो तिथे. बिंदुमाधव खिरेंची समपथिक संस्था नसती तर माझ्यासारख्या, इंग्रजीत स्वतःबद्दल बोलता न येणाऱ्या पोरांना मराठीत दोन शब्द मिळाले नसते, 2011 पासून तिथे प्राइड निघते. पण पार्टनरची अम्मी म्हणते कुठेही राहा, पुण्याला नको. 2014 मध्ये हडपसरला सोलापूरच्याच एका आयटीतल्या मुलाला दाढी-टोपी बघून जमावाने मारून टाकलं, आणि 2023 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. आता तिला मी कुठली यादी दाखवू?

लोक म्हणतील मग काय मिरजेला जाणार का. नाही जाणार. आमच्याकडे जोगता, म्हणजे यल्लम्माला वाहिलेला पुरुष, डोक्यावर देवीचा जग घेऊन दारात आला की आई पदर सावरून पाया पडते, परडीत धान्य टाकते, त्याने साडी नेसली याचं कोणाला काही वाटत नाही, यल्लम्माचं आहे म्हणतात. पण तोच जोगता उद्या म्हणाला मला वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने द्या, तर? आणि मी घरी सांगितलं तेव्हा आईने माझ्यासाठी मुली बघायचं वाढवलं.

असो. तर आम्हाला घर बदलायचंय, म्हणून ही सगळी भडास. ठाणे किंवा ऐरोली-घणसोलीकडे वन बीएचके, दोन पुरुष, जोडपं, एक हिंदू एक मुसलमान, दोघांच्या नावावर अ‍ॅग्रीमेंट, घरात मटण शिजतं, एक मांजर आहे. कोणी मालक ओळखीचा असेल तर त्याला हे सगळं आधी सांगा आणि मगच मला मेसेज करा.