दोडक्याचा मांडव

मे महिन्यात आई नुसतं एवढंच म्हणाली होती, "मिरगाच्या आत परड्यात एक मांडव घालून दे रे, दोडके लावूया." बस्स. ह्या एका वाक्यापायी आमच्या घरातली सहा माणसं, निपाणीचे दाजी आणि शेजारच्या अक्का असे आठ जण तीन महिने गुंतलेत, आणि मी अजून रात्री कमरेला बाम चोळून झोपतोय.

बाहेरचा माणूस लावून काम करून घेतलं तर घराण्याला कमीपणा येतो असं बाबांचं मत. तरी मी गुपचूप एकाला खड्डे मारायला सांगून आलो. तो म्हणाला "नाळे बर्तीन्री". नाळे म्हणजे उद्या हे बेळगावात कुणाला सांगायला नको, पण कुठला उद्या हे आमच्याकडं कन्नडमध्येपण सांगत नाहीत आणि मराठीतपण नाही. असे चार नाळे गेल्यावर मीच पहार उचलली.

खड्डे चार, दोन-दोन फुटांचे. वरची वीतभर तांबडी माती लोण्यासारखी निघाली, मला वाटलं नाश्त्याच्या आत आटपलं काम, आणि तेवढ्यात पहार खण्ण करून वाजली आणि माझे दात हलले. जांभा. बाबा खुर्ची टाकून बसलेलेच होते, त्यांनी लगेच माहिती दिली की जांभा जमिनीत असतो तवर मऊ असतोय, बाहेर काढून हवा लागली की मग कडक होतोय, म्हणून तर चिरे कापून घरं बांधतात. आमच्या परड्यातल्या जांभ्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. बेळगावचा किल्ला रट्ट राजांच्या काळात १२०४ साली बांधलेला, त्याच्याभोवतीचा तो खंदक दाखवायला मी आजवर किती पाहुण्यांना नेलोय आणि दरवेळी पाच मिनटात "चला, झालं बघून" म्हणत परत आणलोय. ज्यांनी कुणी तो खंदक खणला त्यांची मी त्या दिवशी उकिडवं बसून मनातल्या मनात माफी मागितली. माझे चार खड्डे दोन दिवसात दीड-दीड फूट झाले आणि बाबांनी "असूदे, वेल हाय, हत्ती न्हाई बांधायचा" म्हणून मंजुरी दिली.

मग बांबू. बुरडाकडनं बारा फुटी सात बांबू घेतले आणि टेम्पोचं भाडं वाचवायचं म्हणून स्कूटरवरनं आणायचं ठरलं (हे पण बाबांचंच). पोरगा मागं उलटा तोंड करून बसला, बांबू त्याच्या काखेत. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला आलो तर गेट पडलेलं. आता बंद गेटला आमची माणसं कशी उभी राहतात ते ठाऊक आहे, अलीकडचे सगळे रस्ता भरून पुढं, पलीकडचेपण सगळे रस्ता भरून पुढं, आणि गेट उघडलं की लढाई. त्या लढाईत आम्ही दोघं भाले घेऊन. मागनं एकजण ओरडला "ओ मामा, डोळा फोडूलालासा की!", पोरगा घाबरून वळला तर बांबू सगळे फिरले आणि पुढच्या टोकानं एका बाईंच्या पिशवीतली कोथिंबीर उचलली. त्या गप बसल्या नाहीत. त्या काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही.

रविवारी दाजी आले. दाजी निपाणीचे, म्हणजे तंबाखूच्या गावचे, त्यामुळं जमिनीतनं जे काय वर येतंय त्या सगळ्यातलं त्यांना कळतंय. बाबा ओळंबा घेऊन एकेक खांब बघूलाले आणि दाजी खालनं "मामा, वेलाला काय कळतंय सरळ न वाकडं" म्हणूलाले, ह्या वादात मांडव पश्चिमेला झुकला तो झुकलाच. बाइंडिंग वायर पिळून पिळून माझी बोटं सोलली. बायकोनं चहा दिला, मांडवाकडं बघितलं, आणि काय बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बी आत्यानं खानापुरास्नं पाठवलेलं. पाठवलेलं म्हणजे अख्खा वाळलेला दोडकाच, हलवला की खुळखुळा. मिरगाला रात्रभर बी भिजवून आळ्यात टोचलं, आठवड्यात उगवलं, जुलैची झड लागली तसा वेल सुटला. आणि सुटला तो थेट कपडे वाळत घालायच्या तारेकडं. मांडव दीड हात डावीकडं, तार चार हात उजवीकडं, पण त्याला तारच पाहिजे. मी रोज संध्याकाळी त्याचा शेंडा हळूच काढून मांडवाला टेकवायचा आणि सकाळी बघतोय तर साहेब परत तारेवर. एकदा तर तारेवर विसरलेल्या माझ्या बनियनच्या भोकातनं त्यानं ताणा घातलेला, आणि आतनं तारेला स्प्रिंगासारखे तीन वेढे. आज्जी म्हणाली "आता वढू नको, तुटंल", म्हणजे बनियन तिथंच राहिलं.

मग फुलं आली. पिवळीधमक, घोसानं, आणि सगळी गळूलाली. दाजींनी फोनवरनंच निकाल दिला, "नर वेल हाय, उपटून टाक." आज्जी म्हणाली दृष्ट लागली. मी मोबाइलवर वाचत बसलो तेव्हा कळलं की दोडक्यात एकाच वेलावर नर-मादी दोन्ही फुलं येतात, आधी नर घोसानं, मग मादी एकेकटी, तिच्या मागं बारकं दोडकं असतंय तीच ओळख. आणि हे फूल उघडतंय दिवस मावळायला, पतंगांच्या भरवशावर. आता बेळगावच्या पावसात कुठला पतंग बाहेर पडतोय? माणूस पडत नाही.

म्हणून मग मी. संध्याकाळी साडेसहाला, डोक्यावर छत्री, तोंडात टॉर्च, हातात पाकळ्या काढलेलं नर फूल, ते मादी फुलाच्या मधोमध हळूहळू टेकवत उभा. अक्का कंपाउंडवरनं किती वेळ बघत होत्या देव जाणे. पोरानं विचारलं, "बाबा, काय करूलालात?" तोंडात टॉर्च असल्यामुळं मी कसाबसा म्हटलो, "लग्न लावूलालोय." आतनं आज्जी ओरडली, "अरे तुळशीच्या लग्नाला टाइम हाय की अजून!"

लागले. अकरा दोडके लागले, सगळे तारेवर, एका रांगेत, कपडे वाळत घातल्यासारखे. त्यातला पहिला कडू निघाला तो विषय मी वाढवत नाही. प्रश्न असा झाला की घरातल्या सहा माणसांचे कपडे वाळत घालायचे कुठं. शेवटी बायकोनंच मार्ग काढला, मांडवावर ताडपत्री टाकली आणि खाली बांबूला दोऱ्या बांधल्या.

काल अक्का आल्या, मांडवाखाली जाऊन वर बघितलं, मला म्हणाल्या, "हिरेकाई एल्लिरी?" म्हणजे दोडके कुठं. मी तारेकडं बोट दाखवलं. त्यांनी तारेकडं बघितलं, परत मांडवाकडं बघितलं. "मत्त इदु?" मग हे काय?

"बनियनं हायत," आई आतनं म्हणाली, "अजून ओलीच हायत."