चीज हॉट डॉगहून वाईट? एका संदेशाचा प्रतिवाद

इंदूरमधल्या मराठी घरांतून एक संदेश फिरतो आहे : १०० ग्रॅम चीजमध्ये ४०० कॅलरी व ३३ ग्रॅम चरबी असते, हॉट डॉगमध्ये ३२५ कॅलरी व २९ ग्रॅम चरबी, मीठ दोन्हींत सारखेच, पण हॉट डॉगमधून निदान प्रथिने तरी मिळतात, तेव्हा मुलांच्या डब्यातून चीज आजच बंद करा.

चेडर हे घट्ट प्रकारचे चीज आणि हॉट डॉगच्या पावात घालतात ते गोमांसाचे सॉसेज, म्हणजे मसालेदार खिम्याची नळकांडी, यांच्यापुरते कॅलरींचे व चरबीचे आकडे जवळपास बरोबर आहेत. चूक आहे ती तुलनेत. सॉसेजमध्ये निम्म्याहून अधिक पाणी असते आणि चेडरमध्ये सुमारे ३७ टक्के, त्यामुळे समान वजनाला चीजमध्ये कॅलरी जास्त भरणारच. शिवाय शंभर ग्रॅम चीज एका बैठकीत कोण खातो? घरच्या काट्यावर ठेवलेली चीजची स्लाइस २० ग्रॅम भरली. एवढ्या चेडरमध्ये सुमारे ८० कॅलरी येतात, तर ४५ ग्रॅमच्या एका सॉसेजमध्ये सुमारे १५०, आणि त्यात पाव अजून धरलेलाच नाही.

प्रथिनांचे विधान तर सरळ उलटे आहे. शंभर ग्रॅम चेडरमध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, सॉसेजमध्ये ११ च्या आसपास. कॅल्शियम चेडरमध्ये सुमारे ७०० मिलिग्रॅम, सॉसेजमध्ये नाममात्र.

मिठाबाबत मात्र संदेश अर्धा खरा आहे. चेडरमध्ये सॉसेजपेक्षा सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, कमी असते. पण आपल्या किराणा दुकानांत स्लाइस म्हणून मिळते ते बहुधा प्रोसेस्ड चीज, म्हणजे चीज वितळवून, त्यात चरबी व पाणी एकजीव ठेवणारे पायसीकारक क्षार मिसळून पुन्हा थिजवलेले, आणि त्यातले सोडियम सॉसेजच्या बरोबरीला सहज जाते. संपृक्त चरबीही चीजमध्ये जास्तच असते. म्हणून रोज तीन-चार स्लाइस द्याव्यात, असे मी म्हणणार नाही.

संदेशात सर्वांत महत्त्वाची गोष्ट नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक सॉसेज, खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तिचा अंदाज आहे. तंबाखूही याच गटात आहे. परंतु गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे. चीज या गटात नाही.

आणि मुळात हे सारे सॉसेजविषयी झाले. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत हॉट डॉग मागितला की तव्यावर तुपात शेकलेल्या गोल पावात बटाट्याची टिक्की येते. सॉसेजचा तिथे पत्ताच नसतो. संदेशातला एकही आकडा त्याला लागू पडत नाही. त्यात चीजची स्लाइस घालून घेतली, तर प्रथिने आणि कॅल्शियम वाढते ते त्या स्लाइसमुळेच.