निळ्या फरशीवर भांडण, दाराची चौकशी कोणालाच नाही

‘फाटकावरची आझुलेजची फरशी ही गुलामीची खूण आहे, ती काढा.’ चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हे एकच चालले आहे आणि मला ते सहन होत नाही. पुतण्याने गोव्यातले डिचोलीचे घर नवे केले, फाटकाच्या खांबावर आडनावाची निळी-पांढरी आझुलेज, म्हणजे पोर्तुगीज धाटणीची रंगवून भाजलेली फरशी, बसवली आणि फोटो टाकले. काका-मामांनी त्याला धारेवर धरले. 2023 मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी पोर्तुगीज खुणा पुसण्याची भाषा केल्यापासून असल्या वादांना जोर चढला आहे. मी लिस्बनहून पुतण्याच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या, तर तोच उलटून म्हणाला, ‘‘आत्ये, तुका थंय बसून कितें कळटा?’’ तिथे बसून तुला काय कळते, असे.

कळते ते सांगते.

त्याच फोटोंत आमचा फणसाच्या लाकडाचा मुख्य दरवाजा दिसत नाही. अंगणातले शेण-मातीचे खळे गेले, तिथे पेव्हर बसले. तुळशी वृंदावन कुंपणाच्या कोपऱ्यात सरकवले आणि त्याच्या जागी फायबरचे बुद्धाचे डोके आले, कपाळावरून पाणी वाहणारे. वाटण वाटायचा रगडो नाही. वसरीतल्या समया नाहीत. विचारले तेव्हा कळले की जुन्या वस्तू घेणारा एकजण टेंपो घेऊन आला होता, त्याने सगळे एकरकमी उचलले. दरवाजा आता आसगावच्या कुठल्याशा व्हिलात जेवणाचे टेबल होणार आहे म्हणे. चार पिढ्यांनी ज्याच्या कडीला हात लावला ती वस्तू घराबाहेर गेली आणि ग्रुपवर एकानेही ‘का’ म्हणून विचारले नाही. दोन आठवडे भांडण झाले ते एका फरशीवरून.

त्या फरशीचेच बोलायचे तर ती पणजीत गोंयकारांनी रंगवलेली, भाजलेली आहे. दारावर अशी नावे लावण्याची आजची हौस गेल्या काही दशकांतली. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची मासळीबाजारातली माणसे याच फरशांवरून घराघरांत गेली. मुळात ही कला पोर्तुगालकडे अरबांकडून, सेव्हिलमार्गे आली, आणि तिच्या निळ्या रंगामागे चिनी भांडी आहेत, डच कारागीर आहेत. राज्यकर्त्यांची खरी खूण पाहायची असेल तर पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जाऊन उभे राहावे. तिथे पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातली दृश्ये फरशांवर भिंतभर आहेत, पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कुलासूची, 1935 ची. पोर्तूच्या साँव बेंतू स्टेशनात गाडीची वाट पाहताना त्याच माणसाचे काम समोर दिसते, तेव्हा मला पणजीची भिंत आठवते. ती भिंत आपल्याला काय सांगण्यासाठी रंगवली होती हे मला ठाऊक आहे. तरी ती फोडावी असे मला कधी वाटले नाही.

इथे लिस्बनमध्ये 2013 पासून दर्शनी भिंतीवरची आझुलेज सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. 2017 मध्ये देशभरासाठी कायदा झाला. कारण चोऱ्या. फेइरा द लाद्रा या जुन्या बाजारात मंगळवारी, शनिवारी सुट्या जुन्या फरशा चादरीवर मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीमागे कुठल्या तरी भिंतीला पडलेले भोक असू शकते, म्हणून मी त्या घेत नाही. आमच्या इमारतीच्या कोंदोमिनिउच्या, म्हणजे घरमालकांच्या, सभेत जिन्यातल्या एका तडकलेल्या फरशीवर अख्खी संध्याकाळ गेली. डिचोलीत दरवाजा गेला तेव्हा एक संध्याकाळ तरी गेली का?

पुतण्याला मी कायद्याचेही सांगितले, कारण टेंपोवाला त्याला ‘बागेत शोभेल’ म्हणून एक दगडी मूर्ती देऊ पाहत होता. सत्तरी-डिचोलीत केळबाय देवीचे पाषाण, वीरगळ झाडाखाली, तळ्याकाठी उभे असतात. शंभर वर्षांहून जुनी दगडी मूर्ती ही 1972 च्या कायद्याने पुरावस्तू आहे, तिची नोंदणी लागते, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्या दगडाला गावात कोणी तरी फूल वाहत होते, तो आपल्या लॉनवर दिव्याच्या झोतात उभा करण्याची हौस मला समजत नाही.

आमच्या घरात चवथीला कागदावरचा गणपती पुजतात. इन्क्विझिशनच्या, पोर्तुगीजांच्या धर्मछळाच्या, काळात पूर्वज बारदेशातून नदीपलीकडे आले, मातीची मूर्ती उघड ठेवता येत नव्हती, गुंडाळून नेता येईल असा देव हवा होता, असे आजी सांगायची. घर सोडून आलेल्या त्या माणसांनी काय सांभाळले ते पाहा. आणि गणपतीवर टांगायची रानफळा-फुलांची चौकट, माटोळी! सुपारीचे शिपटे, तोरिंगण, घागऱ्यो, कांगलां, रानातून वेचून आणलेले सगळे, दरवर्षी नव्याने बांधायचे आणि उतरवायचे. आमच्या घरातली सर्वांत सुंदर मांडणी तीच. नव्या घरात पीओपीचे छत घातले आहे. माटोळीची चौकट टांगायच्या कड्या त्याखाली बुजल्या. यंदा माटोळी लोखंडी स्टँडवर बांधणार आहेत. गुलामीच्या खुणा शोधणाऱ्या काकांना हे दिसले नाही याचा मला राग आहे.

याच काकांच्या मुलाच्या जन्मनोंदीसाठी मी इथल्या कोन्सेर्वातोरियाच्या, नोंदणी कचेरीच्या, रांगेत उभी राहिले आहे. 1961 पूर्वी, पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या आजोबांच्या दाखल्यावर नातवाला पोर्तुगालचा लाल पासपोर्ट हवा, त्यात काही गैर नाही, माझ्याकडेही तोच आहे. पण मग फरशी पुसायची भाषा निघते तेव्हा ती मला लागते. पुसायच्या यादीत माझेही नाव आहे असे वाटते. इथे मी ‘गोएझा’, गोव्याची बाई; शेजारीण मला भारतातल्या बाईसारखे हळू, स्पष्ट पोर्तुगीजमध्ये समजावते. तिथे मी थंय बसलेली आत्या. माझ्या घरच्या वस्तूंबद्दल बोलण्याचा हक्क मला कुठे बसून मिळणार आहे?

माझ्या दिवाणखान्यात आजीचा पाट भिंतीवर आहे, कुंकळ्ळीच्या चिताऱ्याने लाखेच्या रंगांत केलेला, तिच्या लग्नातला. इथे त्यावर बसून जेवायला कोणी नाही, म्हणून तो भिंतीवर. काल पुतण्याने लिहिले की नव्या घरात त्याच्यासाठी शोकेस केली आहे, आत लाइटही आहे, तो पाठवून दे. मी कळवले: आसगावच्या माणसाला टेबल करण्याआधी गाठ, मागेल ती किंमत सांग, दरवाजाचे पैसे मी भरते. फाटकावरची फरशी राहू दे. छत उघडून माटोळीच्या कड्या मोकळ्या कर. पाटाचे आपण त्यानंतर बोलू.